सातवा रकाना

खराडीत, सहाव्या मजल्यावर, काचेमागे
एका सहकारी बँकेचे चारशे बारा प्रोग्रॅम माझ्या वाट्याला आले.
सगळे कोबोल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.
काम सांगितलं ते साधं :
फाइल वाचायची जागा उसवायची,
तिथे डेटाबेसला विचारायचा प्रश्न बसवायचा.
शिंपी जुन्या सदऱ्याला नवा खिसा लावतो, तसं.
एक्झेक एसक्यूएल, इथे सुई घालायची.
एंड-एक्झेक, इथे दोरा तोडायचा.
आणि पूर्णविराम.
तो एक विसरला
की एका खातेदाराचं 'जर'
पसरत जातं दुसऱ्याच्या व्याजापर्यंत.

शून्य आलं तर सगळं ठीक.
शंभर आलं तर सापडलं नाही.
हे आमच्या गोखलेनगरच्या शाळेत कुणी सांगितलं असतं
तर माझी सहावी फार सुखात गेली असती.

जन्मतारखा मागवल्या. कर्सर उघडला,
एकेक ओळ ओढून घेतली :
एक जून. एक जून. एक जून.
टीम लीड म्हणाला, डेटा खराब आहे,
इतकी माणसं एका दिवशी जन्मत नाहीत.
म्हटलं, जन्मतात.
मुळशीत, मावळात, मास्तरांच्या टाकाखाली,
शाळेत नाव घालायच्या दिवशी.
माझे वडील तसेच जन्मले. दोन्ही काकासुद्धा.
तो हसला नाही, पण चाचणीतून ती अट काढली.

सातव्या रकान्यात तारा असला
की यंत्र ती ओळ वाचत नाही, ओलांडून जातं.
तिथे कुणी व्ही. जी. खासनीस बसलेले असत,
रोमन अक्षरांत मराठी लिहीत :

* पैसे पूर्णांकात धरू नयेत. एकदा धरले. रात्र गेली.
* हा हिशेब टिळेकर साहेबांना पटत नाही. बरोबर आहे.
* लाइट गेली. उद्या.

राहिल्या रिसोर्स फाइली. पडद्यावरचे संदेश,
जुन्या फाँटातले. नव्या मशीनवर उघडले तर
टोप्या घातलेले ओ, परदेशी चलनांच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं.
तक्ता केला. या खुणेचा ख, त्या खुणेचा त.
ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी बसते,
युनिकोडात मागे.
दोन दिवस मी नुसत्या वेलांट्या
उचलून मागे ठेवत होते.

आणि मग चारशे सतरावा संदेश वाचता आला :

खातेदार मयत आहेत. समोरच्यांना आधी बसायला सांगा.

नव्या टेबलात रकाने तीन : क्रमांक, मजकूर, गांभीर्य.
गांभीर्यात पर्यायही तीनच : माहिती, इशारा, त्रुटी.
सल्लागारांचा मेल आला : त्याऐवजी 'नोंद निष्क्रिय' लिहावे.

पेन्शनरांच्या यादीत नंबर होता, सहकारनगरचा.
एका बाईंनी उचलला.
म्हटलं, व्ही. जी. खासनीस आहेत का?
"मीच. बोल."
प्रोग्रॅम आठवत नव्हता त्यांना. टिळेकरही नाहीत आठवत.
चारशे सतरा वाचून दाखवला.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
मग म्हणाल्या,
"काउंटरपाशी खुर्ची आहे ना अजून?"

तिसऱ्या शनिवारी बँकेत गेले, टोकन घेतलं.
माझा नंबर आला तेव्हा काही काम नव्हतं,
पासबुक भरून घेतलं.

सोमवारी संदेश जसाच्या तसा टाकला,
गांभीर्य : माहिती.
आणि जिथून तो उचलला जातो
त्या प्रश्नाच्या वर, सातव्या रकान्यात :

* ४१७ बदलू नये. खुर्ची पाहून आले. आहे.