व्हाउचर क्रमांक सतरा

आमच्या ट्रस्टचं कपाट लहान, निधी त्याहून लहान.
इतिहास-नागरिकशास्त्राचा नवा धडा जो स्वतः रचील
त्या शिक्षकाला वर्षाला चार हजार रुपये.
मी खजिनदार. पावती नाही तर पैसे नाहीत,
हे दारावरच लिहून ठेवलंय.

शरयू ओखदे, परदेशीपुऱ्यातल्या शाळेच्या बाई,
पिशवीतून त्यांनी टेबलावर ओतले
गिरणीचे पितळी बिल्ले, नंबर झिजलेले.
म्हणाल्या, पुस्तकात गिरणी दीड ओळीत उघडते
आणि त्याच दीड ओळीत बंद पडते.
माझ्या वर्गातल्या नऊ मुलांचे आजोबा
त्या दीड ओळीत कामाला होते.

मी हिशेब तपासला.
टेम्पो, एकशे ऐंशी. झेरॉक्स, दोनशे दहा.
चहा, अठ्ठेचाळीस कप. पावती?
‘म्हाताऱ्यांना कोरडंच विचारू काय, भिया?’
लाल पेनाचं टोपण मी काढलं, परत लावलं.

मग मुलांची वही.
रईसचे नाना: भोंग्यावर आई चूल पेटवायची.
दुर्गाचे आजोबा: दोन मिनिटं उशीर झाला,
अर्धा दिवस कापला.
खाली मुलांच्या अक्षरात, दोनदा गिरवलेलं:
कापला कोणी?

बाई पान उलटणार होत्या. मी हात ठेवला.

टाइम ऑफिसात बसायचे माझे वडील.
संध्याकाळी त्यांच्या उजव्या बाहीला शाई असे,
आणि जेवताना ते घड्याळाकडे पाठ करून बसत.
मला एवढंच माहीत.
एवढंही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी वर्गात गेलो, त्यांची वही घेऊन.
बाकात गुडघे मावेनात.
एका मुलीनं विचारलं, त्यांना वाईट वाटायचं का?
म्हटलं, माहीत नाही.
तिनं लिहून घेतलं: माहीत नाही.

मग चर्चा सुरू झाली,
धड्यात माझ्या वडिलांचं नाव घालायचं का.
रईस म्हणाला, घाला, नाना अजून ते नाव घेतात,
कसं घेतात ते सांगत नाही.
दुर्गा उठली. तिच्याच आजोबांचा दिवस गेलेला.
म्हणाली, नियम करणाऱ्याचं नाव कुठंच सापडलं नाही,
मग नुसतं लिहिणाऱ्याचंच का?

चिठ्ठ्या मोजल्या. सोळा विरुद्ध चौदा.
नाव राहिलं.
दुर्गाचा प्रश्नही बाईंनी धड्यात घातला,
नावाच्या अगदी खाली.
मला मत नव्हतं. मी फळा पुसून दिला.

व्हाउचर क्रमांक सतरा:
चिठ्ठ्यांचा कागद, बारा रुपये, पावती सोबत.
चहा, एकोणपन्नास कप.
वाढलेला एक मी घेतला,
रईसच्या नानांशेजारी ओट्यावर बसून.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
पावती नाही.
मंजूर.