आतली वाळू

उद्यमबागेच्या मागं दस्तगीर मकानदाराचं भंगार.
गेटाला कुलूप नाही, साखळी आहे नुसती,
साखळीला कुत्रं, आणि ते झोपलेलं.

"किलोवर देतो," म्हणाला,
"पण चालू होईल म्हणून सांगत नाही बघा."
चालू करायचंच नाही, मी म्हटलं. उघडायचंय.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग शिवलीलाकडं,
मग परत माझ्या पांढऱ्या मिशीकडं.

शेजारच्या पोरीला पॉलिटेक्निकात प्रोजेक्ट द्यायचाय,
हे खरं होतं.
अर्धं खरं होतं.

फियाट. दारं आधीच कुणीतरी नेलेली.
मागची पाटी कोल्हापूरची, पुढची इथली,
कुठली खरी ते दस्तगीरलाही ठाऊक नाही.
बॉनेटखाली घुशीनं संसार मांडलेला:
चिप्सच्या पुड्या, जोंधळ्याचं कणीस, एक राखी.

आधी पाण्याचे होज, मग वायरी.
शिवलीला प्रत्येक वायरीला चिंधी बांधते, चिंधीवर आकडा.
अगं, परत जोडणार थोडीच आपण?
"काकारी, शिकायचं म्हणजे शिकायचं."

गिअरबॉक्सकडचा खालचा बोल्ट तेवढा हटून बसला.
पान्याला पाइप लावून लोंबकळलो,
छप्पन्न किलोचा माणूस, कमी पडलो.
दस्तगीरनं बिडी विझवली,
बोल्टच्या डोक्यावर हातोडी, तीनदा, हळू,
दुपारी कुणाचं दार वाजवावं तशी.
सुटला.

लोखंडी तिपाई, चेन-पुली, कडीमागून कडी.
इंजिन वाकलं, अडलं,
शाफ्टला धरून राहिलं थोडा वेळ,
मग एकदम
"बंतु!" ती ओरडली.
"आलं!" मी.
"हाथ निकालो पहले," दस्तगीर.
तिघांत कामाचं तेवढा तोच बोलला.

एकतीस वर्षं मी फौंड्रीत कोअर बनवले.
काय ते सांगावं लागतं लोकांना.
लोखंड जिथं जायला नको
तिथं आधी आम्ही वाळू ठेवायचो,
काकवीत मळलेली, भट्टीत भाजलेली,
शर्टाला रात्रीपर्यंत गुऱ्हाळाचा वास.
वरनं ओतलेलं लोखंड निवलं
की आमचं काम फोडायचं, झटकायचं, झाडून टाकायचं.
बायको विचारायची, काय केलंत आज?
तीनशे भोकं, म्हणायचो.
त्या भोकांतनं पुढं काय वाहतं
ते बघायला कुणी बोलावलं नाही कधी.

आता ते परसात आहे, धुण्याच्या दगडाजवळ, पोत्यावर.
बायकोनं दोरी सोडून पलीकडं बांधली. बोलली नाही काही.
हेड निघालं. चार पिस्टन,
तीन हलतात, चौथा गच्च.
शिवलीला त्या चौथ्याकडं बघत होती.
मी बाजूच्या भोकात बोट घातलं,
पाणी फिरतं तिथं.
गंज आला, कोरडा, चहाच्या भुकटीसारखा.
आणि आत, दुसऱ्या पेराशी,
एक बारीक धार लागली.

दोन अर्धे कोअर नीट बसले नाहीत की येते ती.
चाळीसेक वर्षांमागं, कुठल्यातरी शेडमध्ये,
जेवणाची घंटा व्हायला आली म्हणून
कुणीतरी घाई केली होती.
सुपरवायझरला दिसलं नाही.
गाडी धावली.
मी परत बोट घातलं.
परत.

पोरगी वहीत आकृती काढतेय,
सिलिंडर निळे, व्हॉल्व्ह लाल.
"ह्याला कुठला रंग, काकारी?" पाण्याच्या पोकळीवर पेन्सिल.
राहू दे तसंच, म्हटलं. कोरं.
तिनं ऐकलं नाही. हिरवा भरला.

चौथ्यावर डिझेल ओतून ठेवलंय, उद्या बघू.
रात्री दस्तगीरचा फोन:
आमचा सतराचा पाना तुमच्याकडं आलाय काय?
आलाय.