उसिरु

कार्डावरचा दुसरा प्रश्न कन्नडमध्ये आहे.
इतका पाठ, की आई म्हणते झोपेतही
तू कुणाला तरी विचारत असतेस:
उसिराडतिदारा?
श्वास घेतात का?

त्या रात्री फोन वडगावातून.
बाई चंदगडकडची असावी, हेल तसा.
मागं पॉवरलूम,
खटखट खटखट, तिच्या बोलण्यावर चढलेला.
"मालक पडलेत हो. कांडी बदलाय वाकले नि पडले."
हाक मारली?
"ओ देईनात."
मी सवयीनं विचारलं, उसिरु इदेया?
ती म्हणाली,
"उशीर नाही हो, आत्ताच पडले,
लगेच लावला फोन."

अनगोळात वाढले मी. घरी मराठी, नळावर कन्नड,
भांडणात मिळेल ती.
दोन्ही शब्द एवढी वर्षं एकाच तोंडात होते
आणि इतके खेटून बसलेत
हे कधी ऐकू आलं नव्हतं.

श्वास, म्हटलं. श्वास चाललाय?
"चाललाय की. घोरालेत."

इथं मी थांबते.
दोन वर्षांमागं नंदगडहून एक पोरगा
हेच म्हणाला होता. बाबा घोरालेत.
मी लिहिलं, श्वास चालू.
कुशीवर वळव, गाडी निघालीय.
परशराम नाव त्याचं. मला थँक्यू म्हणाला.
नंतर सरांनी रेकॉर्डिंग लावलं.
रागावले नाहीत. फक्त मागं घेऊन
तेवढीच जागा तीनदा ऐकवली.

"माग बंद करा."
"आं?"
"बंद करा, नि फोन त्यांच्या तोंडाशी धरा."

खोली एकदम मोठी झाली.
मग आलं ते:
कोरड्या बोअरचा हापसा मारावा तसा एक ओढा,
मग काही नाही.
बोटांवर मोजलं. सहा. सात. आठ.
परत एक.
घोरणाऱ्याला ठाऊक असतं पुढचा श्वास आहे.
ह्या आवाजाला काही ठाऊक नव्हतं.

उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळवा,
त्यावर दुसरा. कोपर ताठ. दाबा.
"मोडंल की काहीतरी."
मोडू दे.

किती भरभर, तिथं माझी जीभ नेहमी अडते.
मिनिटाला शंभर, एकशेवीस,
हा आकडा कुणाच्या हातात बसत नाही.
म्हटलं, घरात अजून कोण? पोरगा?
त्याला सांगा, माग चालू कर.
पहिल्यांदाच ती चिडली:
"माणूस पडलाय नि माग चालू करू?"
करा. एका ठोक्याला एक दाब.

माग लागला.
मला दिसत काहीच नाही, बांगड्या ऐकू येतात.
खट, मग बांगड्या. खट, मग बांगड्या.
जरा मागं, जरा मागं,
मग एकत्र.
ड्युटीवर मी देवाचं नाव घेत नाही.
त्या रात्री हेस्कॉमचं घेतलं:
बाबा, लाईट घालवू नको.

नऊ मिनिटं. मध्ये एकदा म्हणाली, हात गेले.
पोराला बसवा, तुम्ही मागाकडं बघा.
बांगड्या थांबल्या, ठोके थांबले नाहीत.
मग पावलं, दोन्ही भाषांत "बाजूला व्हा",
फोन तसाच कुठंतरी पडला.
माणसं गेली. माग चालूच.
बंद करायचं कुणाला सुचलं नाही.
मी ऐकत राहिले. तेवढ्यात
दोनेक वीत साडी विणून झाली असेल,
कुणाच्या तरी अंगावर जाईल ती.

पुढचं आम्हाला कळवत नाहीत.
फॉर्मवर उसिरुपुढं लिहिलं: इल्ल.
ओळखायला लागलेला वेळ:
एक मिनिट, अकरा सेकंद.
नंदगडच्या फॉर्मवर तो रकाना
अजून कोरा आहे.
शेजारच्या टेबलावर फोन वाजला,
मी हेडफोन नीट केला.