मनगटाचा वेग

शरणपूर रोडला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
कौतिक गांगुर्डेच्या उजव्या हाताला आम्ही
पांढरे ठिपके चिकटवले. मनगटाला दोन,
कोपराला एक, तर्जनीच्या पेरावर एक.
गिरणी सुरू झाली की कॅमेरा थरथरायचा.
तिला ते तळपायांतून कळायचं
आणि ती थांबायची, आमच्या आधी.

नाशिक: बोट नाकाच्या शेंड्यावरून
झटकन खाली. कापलं.
(ही गोष्ट तिला कुणी सांगितली असेल, कुठल्या हातांनी?)
तेच बोट, तीच जागा, पण सावकाश आणि दोनदा:
वास येतोय.
पडद्यावर एकीचा सुळका, दुसरीच्या दोन टेकड्या.
ऱ्हस्व आणि दीर्घ, म्हटलं मी,
आणि स्वतःवरच खूश झालो.

मग तिने पुराची गोष्ट सांगितली. सात मिनिटं.
भांडीबाजार, उलटलेल्या हातगाड्या,
वाहून गेलेली पत्र्याची पेटी
आणि तिच्यामागे पळालेला भाऊ.
उजवा हात धावत होता, आमच्या रेषा धावत होत्या.
एका खुणेकडून दुसरीकडे जाताना
हात जो रिकामा प्रवास करतो
तो करडा करायचा, कापायचा, हे माझं काम.
डाव्या हाताला वेगच नव्हता.
छातीसमोर आडवा, पालथा.
मी लिहिलं: विसावलेला.

रोशन पगारेने ते वाचलं.
आमच्यात या भाषेत वाढलेला तो एकटाच.
काही न सांगता त्याने माझा डावा हात उचलला,
पालथा केला, माझ्याच छातीसमोर ठेवला
आणि खुणेने म्हणाला:
दुतोंड्या मारुती.

पाणी.
मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी
तिने सात मिनिटं तसंच धरून ठेवलं होतं,
उजव्या हाताने उरलेलं गाव सांगताना.
शेवटी भाऊ सापडतो, देवळाच्या ओट्यावर, पेटीशिवाय,
तेव्हा तो डावा हात बोटभर
आणि मग वीतभर खाली येतो.
आमच्या तक्त्यात त्याची नोंद आहे:
थकवा. वगळावा.

आता तक्त्यात एक रकाना वाढवलाय: काय धरलंय?
तो मला भरता येत नाही, रोशनला विचारावं लागतं.

काल सगळे गेल्यावर घड्याळ लावून बसलो,
हात पालथा, छातीसमोर.
खाली कुणाची तरी बाजरी दळत होती.
चौथ्या मिनिटाला माझा हात उतरला.
पूर तसाच होता.