पान एकशे सत्तेचाळीस

बुवांचं पुस्तक आलं,
तंबोऱ्यासोबत, एकाच टेम्पोतून.
तंबोऱ्याचा भोपळा तडकलाय, डाव्या अंगाला, चार बोटं.
पुस्तक धड आहे.
जाड पुठ्ठा, आत सही:
'मिरजेच्या मिस्त्रींना, त्या दिवसांची आठवण.'

लाख वितळेपर्यंत वाचायला घेतलं.
तुरुंगाचं प्रकरण एकशे सत्तेचाळीसला.

लिहिलंय, सांगलीच्या त्या कोठडीत
वारा गजांतून यायचा तो सुरात यायचा.
पहारेकऱ्याचे बूट म्हणे विलंबितात चालायचे
आणि जर्मनच्या थाळीवर चमचा पडला
तरी त्यांना षड्ज सापडायचा.

असेल.
मी शेजारच्याच वळकटीवर होतो.
मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलेलो, चेकवर सही माझी;
मेहुणा निपाणीला, मी आत,
आणि मला जामीन राहायला कोणी नाही.
मला बूट ऐकू आले की गिनती आठवायची.
आणि कोठडी नव्हती ती, बराक होती.
अठ्ठावीस माणसं, एक पंखा,
तोही एका पात्याचा लंगडा.

पुढे लिहिलंय, 'एका दुर्दैवी घटनेमुळे.'
एवढंच.
पूर्णविराम, आणि लगेच गुरुजींची आठवण.

बुवा, ती घटना अंकलीची होती.
भूपाल मगदूम, हळदीच्या पेठेतला तोलार,
सौदे लांबले म्हणून रात्री अकराला सायकलवरून घरी चाललेला.
तुम्ही मैफल आटोपून, गाडी स्वतः चालवत.
हवालदार सांगायचा, रस्ता पिवळा झाला होता,
कपड्यांत एवढी हळद.

पुस्तकात नाही ते असं,
की रोज दिवे मंद झाले की तुम्ही कुशीवर वळायचात
आणि विचारायचात,
'मिस्त्री, सायकलीला दिवा होता का हो?'
मला काय ठाऊक?
पहिल्या रात्री मी म्हटलं, नसेल.
तुम्ही झोपलात.
दुसऱ्या रात्री परत तेच.
एकदा कंटाळून म्हटलं, होता, डायनामोचा,
तर पहाटेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसलात,
आणि मी माझ्याच जिभेला शिव्या देत.

एका मुलाखतीला मगदुमांचा थोरला आला.
जाळीपलीकडे उभा. वाटलं, थुंकेल.
तो म्हणाला, 'बाबांची पिशवी गाडीत राहिली का?
वही होती तिच्यात.
लोकांची वजनं आहेत, द्यायला पाहिजेत.'
तुम्ही हात जोडलेत.
त्यानं थोडा वेळ वाट पाहिली,
हात जोडण्यात वही नव्हती.

लिहिलंय, 'अकरा आठवडे मी फक्त भूप घोकला.'
हे मात्र खरं.
झोपेत ओठ हलायचे तुमचे.
भूपा, भूपा,
पुढचं अक्षर ओठांवर यायचं नाही.
बराकीतल्या पोरांना वाटायचं, पंडितांचा रियाज.
मी गप्प राहिलो.
भूपात दोन स्वर वर्ज्य, हे तर
लाकूड तासणाऱ्यालाही कळतं.

काल फोन आला तुमचा.
'सांधा दिसता कामा नये, मिस्त्री, पुण्यात प्रकाशन आहे.'
नाही दिसणार.
लाखेत भोपळ्याचाच भुसा कालवतो मी,
वरून पॉलिश, बाप शिकवून गेलाय.
बोटाला मात्र लागत राहील,
वाजवणाऱ्याच्या.

जवारी काढली, घोडी कानशीनं घासली,
रेशमाचा दोरा सरकवत सरकवत
तार जिथं बोलायला लागली तिथं थांबलो.
बोलली छान. तुमच्यासारखीच.

मग कानामागची सुतारी पेन्सिल घेतली
आणि एकशे सत्तेचाळीसच्या कडेला लिहिलं,
पूर्णविरामाला अगदी खेटून:
भूपाल मगदूम, तोलार, अंकली.
दिव्याचं मला माहीत नाही.

तोवर लाख थिजली होती.
परत शेगडी पेटवली.