चारशे बारा

बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत बसते मी.
खाली देवगड बंदर. फरशी दिवसभर थरथरते,
कपातला चहा आपोआप ढवळला जातो.
सोसायटीच्या सगळ्या बोटी माझ्याकडे असतात,
म्हणजे त्यांची नावं, नंबर, डिझेलचा कोटा, मालक.

आज काम एवढंच:
धाकू कुबल, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी,
त्याने जुनी फायबरची होडी घेतली आहे,
ती त्याच्या नावावर करायची.
बाहेर बाकावर बसलाय. पावती प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला गाठ, गाठीवर अंगठा.

जावाचा छोटासा तुकडा. जोडणी उघडली,
ऑटोकमिट बंद केलं,
धक्क्याची दोरी शेवटी सोडतात तसं.
प्रश्नचिन्हाच्या जागी नाव भरलं
आणि चालवला अपडेट.
किती ओळी बदलल्या, तो आकडा परत आला.
एक यायला हवा होता.
चारशे बारा.

काल चाचणी करताना मीच बंद केली होती
व्हेअरची ओळ,
कुठली होडी, ते सांगणारी.

हात गार पडले.
एक कळ दाबायची, रोलबॅक, संपलं.
पण का कोण जाणे, त्याच जोडणीतून
मी आधी यादी मागवली.
नूर-ए-दर्या, मालक धाकू कुबल.
रवळनाथ कृपा दोन, मालक धाकू कुबल.
चेअरमनच्या तिन्ही, पर्ससीनच्या जाळ्यांसकट.
ज्या बोटीवरून पगार बुडवून उतरवला होता त्याला, तीही.
आणि ती सागरमाया, जी चार वर्षांपूर्वी गेली ती आली नाही
आणि जिचं नाव काढायला कुणी अर्ज केला नाही.
मी खाली खाली जात राहिले.

बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.
कमिट होईपर्यंत डेटाबेस
अर्धी गोष्ट कुणाला सांगत नाही.
फक्त प्रत्येक ओळीवर माझं कुलूप होतं,
म्हणून डिझेलच्या खिडकीवर स्क्रीन अडकली होती
आणि कुणीतरी माझ्या नावाने जिन्यातून ओरडत होतं.

दारातून डोकं आत आलं.
"झाली काय गो माज्या नावार?"
"झाली," मी म्हटलं. "म्हणजे, होतेय."

रोलबॅक.
मग व्हेअर, दुसरं प्रश्नचिन्ह, त्यात नंबर,
तो मोठ्याने वाचून, दोनदा.
एक.
कमिट.

प्रिंटरने कागद सोडला. त्याने तो उलटा धरला,
सुलटा केला, पिशवीत घातला, पुन्हा गाठ.
"इतको येळ कित्याक लागलो?"
"गर्दी होती," म्हटलं.
खाली डिझेलचा पंप सुरू झाल्याचा आवाज.

जाता जाता जिन्यात थांबून विचारलंन,
"रंग खयचो मारू तिका?"
मी लॉगमधला तो आकडा बघत होते,
मान वर न करता म्हटलं, "निळा."
तो खूश होऊन उतरला,
आणि मग मी खिडकीतून पाहिलं.
सगळ्याच निळ्या होत्या.