आज रोजी हयात

सोहारला शाळेच्या हॉलमध्ये दूतावासाचं शिबिर.
तीन नंबरच्या टेबलावरचा मल्याळी पोरगा
पासपोर्टाकडे बघतो, मग माझ्याकडे, परत पासपोर्टाकडे,
आणि शिक्का मारतो : शालन मोरेश्वर तांडेल,
निवृत्त भांडारपाल, जिल्हा परिषद,
आज रोजी हयात.

हयात आहे तर द्या ना, म्हटलं मी मराठीत.
नेक्स्ट, म्हणाला तो.

पाच वर्षं होतील जूनमध्ये.
तात्पुरती पेन्शन सहा महिने आली, मग तीही वाट विसरली.
कारण : लसीचे एक्केचाळीस थंड डबे
पोलिओच्या फेरीला गेले, परत आले नाहीत.
पोचपावत्या होत्या. पेन्सिलीतल्या.
पेन्सिल, साहेब म्हणाले, पुरावा नव्हे.

नियम सत्तावीस आता तोंडपाठ आहे मला,
एके काळी साठ्याची वही होती तसा.
निवृत्तीनंतर चौकशी लावायची
तर घटना चार वर्षांच्या आतली हवी.
डबे जाऊन तेव्हा सहा झाली होती.
सहातून चार गेले. एवढी वजाबाकी
मी भांडारात उभ्याउभ्या करायचे.
त्यांचं उत्तर अजून यायचंय.

सून म्हणते, सोडा आई, इथं काय कमी आहे.
नाहीच कमी. निषादचा पगार अल्युमिनियमचा, चकचकीत.
फक्त भाजीवाल्यापुढे पर्स उघडते
तेव्हा आत त्याचे रियाल असतात
आणि माझा हात जरा उशिरा बाहेर येतो.

शेजारचे सालिम, बंदरातून निवृत्त,
मासळीबाजारात सुरमई माझ्याकडून निवडून घेतात.
तांडेलांच्या घरातली मी, कल्ले बघून सांगते.
एकदा बोटं चोळून विचारलं त्यांनी : मआश?
मआश म्हणजे पेन्शन, निषाद म्हणाला,
मुळात, जगण्यापुरतं.
त्या कुळातला एकच शब्द मला ठाऊक होता : बदमाश.
इतकी हसले की मासे कापणाऱ्याचा कोयता थांबला.
ज्याचं जगण्यापुरतं अडवलं तो बदमाश
की अडवणारा? अपिलात
हा मुद्दा वकिलांनी घेतलेला नाही.

दाखला पिशवीत ठेवते. कोथिंबिरीच्या खाली नको, वर.
शाई ओली आहे अजून.
दर नोव्हेंबरला त्यांना कळवायचं, जिवंत आहे,
आणि ते फाइलला लावून ठेवतात.
या वेळी मागच्या कोऱ्या बाजूला
मीही लिहिलंय : एक्केचाळीस वजा एक्केचाळीस.
शाईनं.